रिकामा रकाना

यंदा गणपतीच्या आरासीबरोबर मंडळाच्या सभागृहात डाव्या भिंतीलगत एक लांब टेबल असेल. श्रावण लागल्यापासून त्यावर मांडायच्या वस्तू घरोघरच्या पटाऱ्यांतून निघून कार्यालयात येत आहेत. संखेड्याच्या लाखकामाचा पाळणा, मण्यांचे तोरण, मोराच्या आकाराचा अडकित्ता, भरतकामाचे टोपडे, गौरीचे पितळी मुखवटे, असे बरेच काही. आलेली प्रत्येक वस्तू आम्ही एका वहीत नोंदवतो. वहीत चार रकाने आहेत : वस्तू, कोणाच्या घरची, अंदाजे किती जुनी आणि कोणी केली. पहिले तीन रकाने भराभर भरतात. वस्तू घेऊन येणारे काका-काकू पणजोबांपासूनची वंशावळ सांगतात, गायकवाडी दरबारात कोण कोणत्या हुद्द्यावर होते तेही सांगतात. चौथ्या रकान्याशी आले की गप्प होतात. आज सकाळपर्यंत ४३ वस्तू आल्या. चौथा रकाना भरला तो ५ जागी.

कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींनी विचारलेच, की हा चौथा रकाना हवा कशाला? रिकामा दिसतो, बरे दिसत नाही. बैठकीत याचे उत्तर देता आले नाही, कारण पुढचा विषय मांडवाच्या भाड्याचा होता आणि त्यावर नेहमीप्रमाणे तासभर गेला. म्हणून ते येथे देतो. उत्तर जरा लांबून, म्हणजे ऑस्ट्रेलियातून येते.

आपल्या मंडळातल्या पुष्कळ घरांतली मुले आता तिकडे आहेत. आमची लेकही कॅनबेराला असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असताना तिने आम्हाला तिथले संसद भवन दाखवायला नेले. हे भवन १९८८ साली उघडले. त्याच्या ग्रेट हॉल नावाच्या दालनात शिरलो आणि समोरची भिंत पाहून थबकलो. सुमारे २० मीटर रुंद आणि ९ मीटर उंच असा, भिंतभर लोकरीने विणलेला पट. उंच, फिकट बुंध्यांची निलगिरीची झाडे, मधून झिरपणारा उजेड. जगातल्या सर्वांत मोठ्या विणलेल्या पटांपैकी तो एक. मूळ चित्र आर्थर बॉइड या नामवंत चित्रकाराचे, पण ते चित्र लोकरीत उतरवले मेलबर्नच्या टॅपेस्ट्री कार्यशाळेतल्या विणकरांनी, दोन वर्षांहून अधिक काळ मागावर बसून. १९८६ साली, विणकाम चालू असतानाच, हॅलेचा धूमकेतू आकाशात येऊन गेला आणि तोही त्या पटात विणला गेला आहे. मूळ रंगाचा फटकारा कापसात किंवा लोकरीत जसाच्या तसा येत नसतो. कुठला धागा कुठल्या धाग्याशी पिळायचा, हे विणणाऱ्यालाच ठरवावे लागते. या कार्यशाळेच्या नोंदींत चित्रकाराच्या नावाबरोबर विणकरांचीही नावे असतात. चौथा रकाना आमच्या डोक्यात पहिल्यांदा शिरला तो तिथे.

परत आल्यावर आम्ही तिकडच्या हस्तकलेचा इतिहास मिळेल तिथून वाचत गेलो. लेकीने पुस्तके पाठवली, जावयांनी संग्रहालयांतून माहितीपत्रके आणली. त्यातून दिसले, की या देशाला आपल्या हातच्या वस्तू सांभाळायची अक्कल फार उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून आली.

ती किंमत सिडनीत मोजली गेली. १८७९ साली तिथे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यासाठी जेम्स बार्नेट या सरकारी वास्तुशिल्पकाराने ‘गार्डन पॅलेस’ नावाची प्रचंड इमारत जेमतेम आठ महिन्यांत उभी केली. रात्री विजेच्या दिव्यांच्या उजेडात काम चालत असे आणि विजेचे दिवे सिडनीकरांना तेव्हा नवलाचे होते. सांगाडा मुख्यत्वे लाकडाचा होता. देशोदेशींचा माल तिथे मांडला गेला, त्यात हिंदुस्थानचेही दालन होते. प्रदर्शन संपले, इमारत राहिली. सरकारने तिचा उपयोग कचेऱ्या आणि साठवणीसाठी सुरू केला. प्रदर्शनातल्या वस्तूंमधून एक नवे तंत्र-उद्योग संग्रहालय उभारायचे ठरले, त्याचा संग्रह तिथेच होता. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या वस्तूही तिथेच मांडून ठेवल्या होत्या : ढाली, भाले, बूमरँग, टोपल्या, जाळी. २२ सप्टेंबर १८८२च्या पहाटे इमारतीला आग लागली आणि काही तासांत सगळे बेचिराख झाले. कारण कधीच कळले नाही. १८८१च्या जनगणनेची कागदपत्रे जळाली, चित्रकार मंडळाच्या प्रदर्शनातली चित्रे जळाली. याचा गाजावाजा झाला. ढालींसाठी कोणी फारसे हळहळले नाही.

पुढे सिडनीच्या संग्रहालयाने नव्याने सुरुवात केली. वाफेची इंजिने आणली, चिनी मातीची भांडी आणली. पण आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या ज्या जमातींच्या ढाली जळाल्या, त्यांच्याकडे तशा ढाली परत मागवायला जागाच उरली नव्हती. जमिनी गेल्या होत्या, लोक मिशनच्या वसाहतींत हलवले गेले होते, ढाल कोरणारे हात वृद्ध झाले होते. प्रत्येक ढालीवर कोरलेल्या रेघा कोणत्या कुळाच्या, कोणत्या प्रदेशाच्या, हे वाचता येणारे लोक कमी होत गेले. २०१६ साली जोनाथन जोन्स या मूळ रहिवासी समाजातल्या कलावंताने, जिथे गार्डन पॅलेस उभा होता त्या सिडनीच्या वनस्पती उद्यानात, इमारतीचा जुना आराखडा पंधरा हजार पांढऱ्या ढालींनी जमिनीवर आखला. त्या ढाली कोऱ्या होत्या. एकीवरही रेघ नव्हती.

आता मधली ६०-७० वर्षे आम्ही झरझर ओलांडतो. गोऱ्या वसाहतवाल्यांची हस्तकला हा बराच काळ विलायतेची नक्कल करण्याचा किंवा फावल्या वेळातला विषय होता. तिला स्वतःचा चेहरा आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. विनिफ्रेड वेस्ट या शाळा चालवणाऱ्या बाईंनी १९४१ साली न्यू साउथ वेल्समधल्या मिट्टागाँग गावी ‘स्टर्ट’ ही कार्यशाळा सुरू केली. तिथे आधी सूतकताई, विणकाम आणि १९५३पासून कुंभारकाम शिकवले जाऊ लागले. कुंभारकामाची जबाबदारी घेतलेले इव्हान मॅकमीकिन इंग्लंडात मायकेल कार्ड्यू यांच्या हाताखाली तयार झालेले. माती आणि झिलईचे साहित्य आसपासच्याच जमिनीतले असावे, असा त्यांचा आग्रह. मेलबर्नमध्ये हॅरल्ड ह्यूअन नावाचे एक इंजिनिअर पुस्तके वाचून आणि भट्टी स्वतः बांधून भांडी करू लागले होते. १९५० साली त्यांनी आपल्या स्टोनवेअर भांड्यांचे प्रदर्शन भरवले. ग्विन हॅन्सन पिगॉट मॅकमीकिनच्याच हाताखाली उमेदवारी करून पुढे युरोपात गेल्या. परतल्यावर त्यांनी पोर्सेलीनचे साधे पेले, वाट्या, बाटल्या असे संच मांडायला सुरुवात केली, की पाहणाऱ्याने पेला उचलावा की नुसते पाहत राहावे, हा प्रश्न पडावा.

यात आपल्याकडच्या एका बाईंचा हातभार आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये जागतिक हस्तकला परिषद स्थापन झाली. ज्या बायांनी ती उभी केली, त्यांत एलीन ऑसबोर्न वेब यांच्या जोडीला कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या. कमलादेवी मंगळूरच्या सारस्वत घरातल्या. १९३०च्या सत्याग्रहात मुंबईच्या शेअर बाजारात शिरून बेकायदा मिठाच्या पुड्या विकणाऱ्या. त्याच १९६४ साली सिडनीतल्या कारागिरांनी आपली संघटना बांधली. त्यातल्या एक प्रमुख होत्या मारिया गझार्ड. त्या मातीत मोठाली शिल्पे करीत. पुढे १९८० ते १९८४ या काळात गझार्डबाई त्याच जागतिक परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. हस्तकला ही गरिबी टिकवून ठेवण्याची गोष्ट नव्हे, जगण्याचा मान राखणारे काम आहे, असा विचार मांडणारी माणसे एकाच वेळी दिल्लीत, न्यूयॉर्कमध्ये आणि सिडनीत होती, एवढे लक्षात ठेवावे.

सरकार यात उतरले १९७३ साली. व्हिटलम यांचे मजूर पक्षाचे सरकार नुकतेच आले होते. त्यांनी ऑस्ट्रेलिया कौन्सिलची नवी रचना करून तिच्यात नाटक, संगीत, साहित्य यांच्या बरोबरीने हस्तकलेला वेगळे मंडळ दिले. त्याच्या पहिल्या अध्यक्ष गझार्डबाईच. ॲडलेडमध्ये त्याच वर्षी एका जुन्या मुरंब्याच्या कारखान्यात कारागिरांसाठी कार्यशाळा सुरू झाली आणि तिचे नाव ‘जॅम फॅक्टरी’ असेच ठेवले गेले. आम्हाला सर्वांत आवडली ती दुसरी गोष्ट. सगळा संग्रह राजधानीत न नेता लहान शहरांतल्या कलादालनांनी एकेक माध्यम आपलेसे केले. गव्हाच्या मुलखातल्या वॉगा वॉगाने काच जमवली. फळांच्या डबाबंद उद्योगाचे गाव असलेल्या शेपरटनने मातीची भांडी. टॅमवर्थ आणि अरारॅटने विणकाम व धागा. आजही ऑस्ट्रेलियातली कलात्मक काच पाहायची तर सिडनीहून वॉगा वॉगाला जावे लागते. त्या काचेलाही इतिहास आहे. १९८२ साली हॅम्बुर्गचे क्लाउस मोये कॅनबेराच्या कलाशाळेत काचेचा विभाग उभारायला आले आणि रंगीत काचेचे तुकडे भट्टीत एकजीव करण्याची त्यांची पद्धत तिथल्या दोन पिढ्यांनी उचलली. बडोद्याच्या माणसाला यात कलाभवनाची आठवण होणारच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढले तेव्हा त्यांच्यापुढेही प्रश्न हाच होता, की हाताचे काम शिकवायचे कुठे आणि त्याला प्रतिष्ठा द्यायची कशी.

मग १९८८ उजाडले. वसाहत करायला ब्रिटिशांचा पहिला ताफा आल्याला २०० वर्षे झाली म्हणून देशभर उत्सव, आणि त्याच दिवशी सिडनीच्या रस्त्यांवर मूळ रहिवासी आणि त्यांच्या समर्थकांचा हजारोंचा निषेध मोर्चा. नवे संसद भवन या उत्सवाचाच भाग. ग्रेट हॉलचा पट आम्ही सांगितलाच. त्याच इमारतीत १६ मीटर लांबीची भरतकामाची पट्टी आहे. ॲडलेडच्या के लॉरेन्स यांनी ती रेखाटली आणि देशभरातल्या भरतकाम मंडळांच्या पाचशेहून अधिक सभासदांनी आठ तुकड्यांत ती भरली. बहुतेक त्या आपल्या आज्यांसारख्या, दुपारचे काम आटोपून चष्मा लावून बसणाऱ्या. भवनासमोरच्या अंगणात ग्रॅनाइटच्या सुमारे नव्वद हजार तुकड्यांचे एक चित्र आहे, मायकेल नेल्सन जगमारा या वाळवंटातल्या चित्रकाराच्या रेखाटनावरून केलेले. निषेध आणि उत्सव एकाच अंगणात. आम्ही त्या दगडांवर उभे राहिलो तेव्हा हे ठाऊक नव्हते, नंतर वाचल्यावर पाय जरा अवघडले.

त्याच वर्षी, राजधानीपासून फार लांब, एक वेगळा संग्रह तयार होत होता, आणि तो एका व्यापाऱ्याच्या पैशातून. चौथ्या रकान्याची खरी गोष्ट ही आहे.

ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला अडीचशेएक किलोमीटरवर युटोपिया नावाचा मुलूख आहे. नाव गोऱ्या गुरेपालकांनी दिलेले. वस्ती अनमाच्यर आणि अल्यावार लोकांची. १९७७ साली तिथल्या स्त्रियांना प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बाटिक शिकवले गेले. मेणाने कापडावर रेघा काढायच्या, कापड रंगात बुडवायचे, मेण असेल तिथे रंग धरत नाही, मग उकळून मेण काढायचे. कच्छच्या मुंद्र्याचे बाटिक आपल्याकडे घरोघर आहे, म्हणून जास्त सांगत नाही. वाळवंटात ते पोहोचले मात्र जावामार्गे. आधी एर्नाबेला या वसाहतीत १९७१ साली ते आले. तिथे १९४८पासून लोकरीच्या कामाची खोली होतीच. १९७५ साली तिथल्या तीन स्त्रिया बाटिक शिकायला थेट योग्यकार्ताला जाऊन आल्या. त्यांच्यापैकी एकीने युटोपियातल्या बायांना शिकवायला मदत केली.

आता हे काम डोळ्यांपुढे आणा. पाणी दुर्मीळ. झाडाखाली चूल, तिच्यावर मेणाचे भांडे, शेजारी पत्र्याच्या पिंपात उकळते पाणी. वारा आला की राख मेणात. मांडीवर रेशीम, मागेपुढे पोरे आणि कुत्री. या स्त्रियांनी जावाची नक्षी घेतली नाही. समारंभात स्त्रिया एकमेकींच्या छातीवर आणि दंडांवर गेरूने ज्या रेघा ओढतात, त्यांना त्या भाषेत अवेल्य म्हणतात, त्याच रेघा रेशमावर आल्या. रानातले कंद, त्यांच्या भेगाळलेल्या जमिनीतल्या मुळ्या, सरडे, बिया. १९७९ साली याच स्त्रियांनी आपल्या जमिनीच्या हक्काच्या सुनावणीत गाणी आणि नाच यांतून साक्ष दिली आणि मुलूख त्यांना परत मिळाला. ही जमीन आमची, कारण तिची गाणी आणि खुणा आम्हाला येतात, असा तो दावा. कापडावरच्या रेघा म्हणजे त्याच खुणा.

१९८७ साली रॉडनी गूच हे गृहस्थ या बाटिकचा व्यवहार पाहू लागले. त्यांनी एक युक्ती केली. ८८ जणांना, बहुतेक स्त्रियांना, रेशमाचा एकेक तुकडा दिला आणि प्रत्येकीने आपली गोष्ट त्यावर काढावी असे सांगितले. पुढच्या वर्षी ८८ रेशमे तयार झाली. ती सुटी विकली असती तर सिडनी-मेलबर्नच्या दुकानांतून कोणाच्या गळ्यात, कोणाच्या खिडकीत गेली असती. तसे झाले नाही. सगळी ८८ एकगठ्ठा विकत घेतली रॉबर्ट होम्स अ कोर्ट यांच्या संग्रहाने. हे गृहस्थ ऑस्ट्रेलियातले पहिले अब्जाधीश मानले जातात, कंपन्या ताब्यात घेण्यात तरबेज. १९८७च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला तेव्हा त्यांचे साम्राज्यही ढासळले होते, हे लक्षात घेतले तर या खरेदीचे नवल वाटते. संग्रहाने ८८ नावे नोंदवली, प्रत्येकीची गोष्ट लिहून घेतली, ती रेशमासकट छापली आणि सगळे एकत्र प्रदर्शनात मांडले.

त्यातल्या एक होत्या एमिली काम उंग्वारे. जन्म १९१०च्या आसपासचा, म्हणजे तेव्हा वय पंचाहत्तरीच्या पुढे. ‘काम’ हे नाव एका रानकंदाच्या बियांचे. १९८८-८९च्या उन्हाळ्यात गूच यांनी कॅनव्हास आणि मोजके चार रंग वाटले, तेव्हा एमिलीबाईंनी बाटिक सोडून कुंचला धरला. उकळणे, लाकडे गोळा करणे, धुणे, हे सगळे आता झेपत नाही, डोळेही अधू झाले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर १९९६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी सुमारे तीन हजार चित्रे काढली. त्यांच्या एका चित्राला २००७च्या लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किंमत आली. कलासमीक्षक त्यांचे युग कॅनव्हासपासून मोजतात. आम्हाला मात्र वाटते, की अकरा वर्षे मेणाची रेघ ओढलेला हातच कॅनव्हासवर उतरला. मेण थंड व्हायच्या आत रेघ संपवावी लागते, खोडरबर चालत नाही. ते रेशीम जपले नसते, किंवा त्यावर ‘आदिवासी स्त्री, युटोपिया’ एवढीच चिठ्ठी असती, तर हा धागा दाखवता आला नसता.

व्यापाऱ्यांच्या संग्रहांबद्दल आमचे मत सरसकट चांगले नाही. कंपन्या कला घेतात तेव्हा ती त्यांच्या मालमत्तेच्या यादीत जाते आणि यादीतून कधीही बाहेर पडू शकते. एका मोठ्या मद्य कंपनीचा चित्रसंग्रह २००५ साली लिलावात निघाला. सत्तरच्या दशकात तरुण कलावंतांकडून खरेदी करून नावाजल्या गेलेल्या एका बँकेच्या संग्रहाचे २०२२ साली तेच झाले. होम्स अ कोर्ट १९९० साली वयाच्या ५३व्या वर्षी अचानक गेले. कर्जे होती, त्यांच्या पत्नी जॅनेट यांना बरेच काही विकावे लागले. तरी रेशमांचा संच त्यांनी फोडला नाही. यात शहाणपण किती आणि योगायोग किती, हे आम्ही कसे सांगणार? पण उदाहरण आपल्या घरचेच आहे. खंडेराव महाराजांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेली मोत्यांची चादर, लाखो बारीक बसरा मोती रेशमावर आणि कातड्यावर ओवलेली, १९०२-०३ साली दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. ती बडोद्यातून परदेशी गेली आणि २००९ साली दोह्यात सुमारे ५५ लाख डॉलरला विकली गेली. विक्रीच्या वेळी जे जे छापून आले त्यात महाराजांचे नाव होते, मोत्यांची मोजणी होती, हिऱ्या-माणकांचा तपशील होता. ज्यांनी ते मोती एकेक करून ओवले त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. चादर बडोद्याला असती तरी नाव नसतेच. आपण सांभाळले ते राजाचे नाव.

सार्वजनिक संग्रहालयात ठेवले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. सिडनीचे आपण पाहिले. पण मेलबर्नच्या संग्रहालयात दोन वस्तू आगीतून नव्हे, तरी काळाच्या तोंडातून वाचल्या. पोसम या झाडावर राहणाऱ्या लहान प्राण्याच्या कातड्यांची दोन पांघरुणे. एक १८५३ सालचे, मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांचे. दुसरे १८७२ सालचे, लेक कोंडाच्या गुंडिजमारा लोकांचे. थंडीच्या त्या प्रदेशात मूल जन्मले की काही कातड्यांचे पांघरूण करीत. मूल वाढे तशी कातडी जोडत जात. आतल्या बाजूला शिंपल्याने रेघा कोरून गेरू भरत आणि कांगारूच्या स्नायूंच्या दोऱ्याने शिवत. त्या रेघांत माणसाचे कूळ आणि मुलूख. माणूस गेला की त्याच पांघरुणात गुंडाळून पुरत. मग सरकारने लोकरीच्या घोंगड्या वाटायला सुरुवात केली आणि पांघरुणे करणे थांबले. घोंगडी भिजली की जड होते, कातड्याचे पांघरूण पाणी आत येऊ देत नाही. घोंगड्यांमुळे माणसे आजारी पडली, असे त्यांचे वंशज आजही सांगतात. जुनी पांघरुणे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

१९९९ साली व्हिकी कझन्स, डेब्रा कझन्स, ली डॅरॉक आणि ट्रीआना हॅम या चौघी कलावंत स्त्रियांनी ही पांघरुणे पाहिली. कोणाच्या पणजीच्या पणजीने ती पांघरली असणार. त्यांनी दोन्हींच्या जोडीची नवी पांघरुणे करायचे ठरवले. रेघ न् रेघ उतरवून घेतली. अडचण कातड्यांची आली. ऑस्ट्रेलियात पोसम हा संरक्षित प्राणी, त्याला मारता येत नाही. पण तोच प्राणी पूर्वी न्यूझीलंडला नेऊन सोडलेला, आणि तिथे त्याने इतका उच्छाद मांडला आहे, की त्याची कातडी राजरोस विकत मिळते. म्हणून व्हिक्टोरियातल्या लोकांच्या पूर्वजांचे वस्त्र शेजारच्या देशातून मागवलेल्या कातड्यांवर पुन्हा जन्मले. शिंपल्याऐवजी विजेने तापणारी सळई आली, स्नायूंऐवजी मेणाचा धागा. या चौघींनी पुढे गावोगाव शिबिरे घेऊन शिकवले. २००६ साली मेलबर्नला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा उद्घाटनाला व्हिक्टोरियातल्या पस्तीस भाषागटांचे ज्येष्ठ पोसमची नवी पांघरुणे घालून मैदानात आले.

दक्षिण ऑस्ट्रेलियातली हकिगत याहून निसटती आहे. मरे नदीच्या मुखाशी राहणाऱ्या नगारिंजेरी लोकांत लव्हाळ्याच्या गुंडाळीतून टोपल्या, चटया आणि मासे पकडायचे सापळे विणण्याची पद्धत होती. १९८२ साली इव्हॉन कूलमॅट्री ही तरुण बाई डोरोथी कार्टिनियेरी या ज्येष्ठ विणकरणीच्या एका दिवसाच्या वर्गाला जाऊन बसली. एक दिवस. त्यानंतर जिथे हात अडला तिथे तिने संग्रहालयातल्या जुन्या वस्तू पाहून मार्ग काढला. १९९७ साली व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या वतीने तीन कलावंतांचे काम गेले, तिन्ही मूळ रहिवासी समाजातल्या स्त्रिया. एक एमिलीबाई, एक ज्युडी वॉटसन आणि तिसरी ही टोपल्या आणि वाम माशांचे सापळे विणणारी. कूलमॅट्रीबाई आपल्या कामाबद्दल सांगताना डोरोथींचे नाव घेतात. लेक कोंडाच्या पांघरुणावर ते करणारीचे नाव नाही. तिच्या रेघा आहेत, म्हणून चौघींना निदान वाचता आले.

तेव्हा तरुण मंडळींनो, चौथा रकाना काढायचा नाही. रिकामा दिसला तर दिसू द्या. गणपतीची मूर्ती आपण दरवर्षी पाण्यात सोडतो, आणि तरी मूर्ती कोणाकडची हे मंडळातल्या पोराटोरांनाही पाठ असते. पटाऱ्यातली वस्तू मात्र शंभर वर्षे सांभाळतो आणि ती कोणाच्या हातची हे विसरतो.

काल संध्याकाळी, हा लेख छापायला देण्याच्या घाईत आम्ही असताना, दांडिया बाजारातल्या एक काकू कार्यालयात आल्या. गौरीचे मुखवटे त्यांच्या घरचे. आठवड्यापूर्वी ते दिले तेव्हा चौथ्या रकान्याला त्यांनी मान हलवली होती. आता म्हणाल्या, रात्री आठवले. सासूबाई दर भाद्रपदात मुखवटे चिंचेने घासताना सांगत असत, की हे मांडवीजवळच्या कासाराने केलेले, आणि डाव्या मुखवट्याचे नाक जरा वाकडे झाले म्हणून त्याने मजुरी निम्मीच घेतली. आडनाव आठवले, नाव नाही आठवले. आम्ही आडनाव लिहिले, आणि पुढे कंसात नाकाची गोष्ट. टेबलाच्या कोपऱ्याला दोरीने पेन्सिल बांधलेली असेल. आपल्या वस्तूपुढे काही आठवले तर आरतीनंतर जरूर लिहावे, अर्धवट आठवले तरी चालेल.